निर्मितीप्रक्रिया आणि निर्लेखनप्रक्रिया

'साहित्याची निर्मितीप्रक्रिया' या विषयावर उत्तर लिहिले नाही असा एम. ए. मराठीचा विद्यार्थी बहुधा सापडणार नाही. प्रतिभा, व्युत्पत्ती, अभ्यास, अनुभव, स्फूर्ती हे शब्द आपण वर्षानुवर्षे वर्गात उच्चारीत आलो आहोत आणि उत्तरपत्रिकांत परत वाचीत आलो आहोत. परंतु निर्माण झालेल्या गोष्टीचा अंत कसा होतो, तो कोणी करावा आणि करण्यापूर्वी काय तपासावे, हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला नाही; आपणही विद्यार्थ्यांना विचारला नाही. या प्रश्नाचा अत्यंत काटेकोर विचार करणारी एक विद्याशाखा आपल्याच महाविद्यालयात शिकवली जाते, हे मला चाळिशी उलटून गेल्यावर कळले. त्याचे निमित्त असे.

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे महाविद्यालय आहे. नॅकच्या मूल्यांकनाची तयारी सुरू झाली तेव्हा ग्रंथालयातील जुनी पुस्तके निर्लेखित करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली आणि मराठी विभागातर्फे तीत माझे नाव घालण्यात आले. चारेकशे पुस्तकांची यादी समोर आली. तिचा निकष एकच होता : गेल्या दहा वर्षांत ज्या पुस्तकाची एकदाही देवघेव झाली नाही ते यादीत. समितीत बी.सी.ए.च्या वर्गांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या एक सहकारी होत्या. यादी वाचून त्या म्हणाल्या, "सर, इतका कठोर निकष तर आमच्या जावाचा गार्बेज कलेक्टरसुद्धा लावीत नाही." मला त्यातले काहीच कळले नाही. पुढे चार-पाच दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी मला ते समजावून सांगितले. त्यातून माझे जे मत बनले ते येथे मांडीत आहे.

आरंभी शब्दांचा एक घोळ दूर केला पाहिजे. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग' याला मराठीत 'वस्तुनिष्ठ' म्हणण्याचा मोह होतो, पण आपल्या समीक्षेत 'वस्तुनिष्ठ' हा शब्द 'आत्मनिष्ठ'च्या विरोधात इतका रुळला आहे की येथे तो दिशाभूल करील. 'वस्तुकेंद्री' म्हणणे बरे. या पद्धतीत प्रोग्राम म्हणजे आज्ञांची एक लांबलचक यादी नसते. आपापली माहिती आणि आपापले काम सांभाळणाऱ्या अनेक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, एकमेकांना निरोप देत काम करतात. प्रत्येक ऑब्जेक्ट एखाद्या 'क्लास'पासून घडतो. क्लास हा साचा. ऑब्जेक्ट ही त्या साच्यातून घडलेली एक विशिष्ट वस्तू. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी 1967 च्या 'सिम्युला' या भाषेत ही कल्पना प्रथम पूर्णपणे उभी केली.

ग्रंथालयातले उदाहरण घेतले की हा भेद चटकन कळतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक आमच्या संगणक विभागाच्या कपाटात आहे. समजा, त्याच्या पाच प्रती आहेत. ग्रंथ म्हणून ते एकच पुस्तक. पण दाखल नोंदवहीत पाच क्रमांक. एका प्रतीचे मुखपृष्ठ फाटले म्हणून इतर चार प्रतींना काही होत नाही. ग्रंथ हा क्लास आणि प्रत हा ऑब्जेक्ट. निर्लेखन नेहमी प्रतीचे होते, ग्रंथाचे नव्हे. निदान तसे आपण मानतो. या 'मानतो'कडे मला पुढे परत यायचे आहे.

ऑब्जेक्ट जन्माला येतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. आधी संगणकाच्या मेमरीत त्याच्यासाठी जागा राखली जाते. नंतर 'कन्स्ट्रक्टर' नावाची कृती त्या जागेत अर्थ भरते, म्हणजे प्रत्येक घटकाला आरंभीची योग्य किंमत देते. नुसती जागा मिळाली म्हणून ऑब्जेक्ट झाला असे नाही. कन्स्ट्रक्टर पूर्ण होईपर्यंत ती वस्तू वापरायची नसते. आपल्याकडे मार्चअखेर अनुदान संपवण्यासाठी पुस्तकांचे गठ्ठे येतात आणि नोंद न होता महिनोन्‌महिने सुतळीत बांधलेले राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पुस्तकांनी जागा अडवलेली असते; पण दाखल क्रमांक नाही, शिक्का नाही, वर्गांक नाही, तालिकेत नोंद नाही. वस्तुकेंद्री भाषेत बोलायचे तर जागा दिली गेली, कन्स्ट्रक्टर चालला नाही. असे पुस्तक मरण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते जन्मलेलेच नसते.

अंताची व्यवस्था सी प्लस प्लस या भाषेत फार स्पष्ट आहे. डेन्मार्कचे ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये 1979 पासून ही भाषा घडवायला घेतली आणि कन्स्ट्रक्टरच्या जोडीला 'डिस्ट्रक्टर' ठेवला. ऑब्जेक्ट नष्ट होण्याच्या क्षणी डिस्ट्रक्टर चालतो. उघडलेली फाइल बंद करणे, घेतलेली जागा परत करणे, दुसऱ्याचे धरून ठेवलेले काही असेल तर ते सोडणे, ही त्याची कामे. एका क्लासला कन्स्ट्रक्टर कितीही असू शकतात, कारण वस्तू अनेक प्रकारची माहिती घेऊन जन्माला येऊ शकते. डिस्ट्रक्टर मात्र एकच असतो आणि त्याला बाहेरून काहीही सांगता येत नाही. क्रमही ठरलेला आहे. एका टप्प्यात जे ऑब्जेक्ट एकामागून एक घडले, ते उलट क्रमाने मोडतात. शेवटी आलेला आधी जातो. मांडव उतरवताना शेवटी बांधलेली दोरी आधी सोडतात आणि मुख्य खांब शेवटी काढतात, त्यातलाच हा प्रकार. नंतरचा ऑब्जेक्ट आधीच्याच्या आधारावर उभा असू शकतो, म्हणून हा क्रम.

हा क्रम आणि ही जबाबदारी पाळली नाही तर तीन दोष उद्भवतात. तिन्ही आपल्या ग्रंथालयांत रोज दिसतात. पहिला दोष म्हणजे मेमरी लीक : वस्तू जिवंत आहे, जागा अडवून बसली आहे, पण तिच्यापर्यंत नेणारा धागाच हरवला आहे. वर्गांक चुकून भलत्याच फळीवर गेलेले पुस्तक असेच असते. दुसरा दोष लोंबकळणाऱ्या पॉइंटरचा : वस्तू नष्ट झाली, पण तिचा पत्ता कोणाच्या तरी हाती राहिला. पत्त्यावर जाणाऱ्याला तेथे दुसरेच काही सापडते आणि तो त्यालाच मूळ वस्तू समजतो. तालिकेत कार्ड आहे, पुस्तक नाही. तिसरा दोष एकच वस्तू दोनदा नष्ट करण्याचा. पाच वर्षांपूर्वी निर्लेखित झालेला दाखल क्रमांक नव्या यादीतही येतो आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, तो हाच.

येथे आणखी एक बारकावा आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई केली जाते. त्या भट्टीत जुन्या वस्तूची खूणही उरत नाही. संगणकाच्या मेमरीत सामान्यतः तसे होत नाही. ऑब्जेक्ट नष्ट झाला म्हणजे ती जागा 'मोकळी' म्हणून नोंदली गेली, एवढेच. जुनी अक्षरे तेथे तशीच असतात. नवी वस्तू येऊन त्यांवर लिहीपर्यंत राहतात. नष्ट होणे ही आधी नोंदवहीतली घटना असते, पदार्थाची नंतर. निर्लेखन या शब्दाचाही अर्थ हाच आहे : लेखातून काढणे. पुस्तक रद्दीत जाते ते त्यानंतर.

सी प्लस प्लसमध्ये अंताची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची असते. माणूस चुकतो, म्हणून दुसरा विचार पुढे आला : अंत करण्याचे काम यंत्रणेवरच सोपवावे. जॉन मॅकार्थी यांनी 1960 च्या सुमारास 'लिस्प' या भाषेसाठी ही पद्धत योजली, आणि 1995 मध्ये आलेल्या जावाने ती सर्वतोमुखी केली. तिचे नाव गार्बेज कलेक्शन. हे नाव ऐकून आपल्याला दारावर येणारा रद्दीवाला आठवतो, पण साम्य तेवढ्यापुरतेच. रद्दीवाला आपण देऊ ते नेतो. गार्बेज कलेक्टर काय न्यायचे ते स्वतः ठरवतो. ते कसे ठरवतो, हा खरा प्रश्न आहे.

एक उपाय मोजणीचा. प्रत्येक ऑब्जेक्टकडे किती जण निर्देश करीत आहेत याची संख्या ठेवायची. ती शून्य झाली की ऑब्जेक्ट काढून टाकायचा. हा मार्ग सोपा आहे, पण त्यात एक फसगत आहे. अ ब-कडे निर्देश करतो आणि ब अ-कडे. बाहेरचे कोणीही दोघांकडे निर्देश करीत नाही. दोघांचीही संख्या एक, म्हणून दोघेही कायमचे 'जिवंत'. पायथन ही भाषा मुख्यतः मोजणीवर चालते. तिला असे चक्र ओळखणारी वेगळी यंत्रणा 2000 साली जोडावी लागली. आपल्या क्षेत्रात अशा चक्रांची वाण नाही. पदोन्नतीच्या गुणांसाठी लिहिलेले शोधनिबंध, त्यांत एकमेकांचे संदर्भ, प्रस्तावनेच्या बदल्यात परीक्षण. संदर्भांची संख्या मोजली तर सर्व काही सजीव दिसते. वर्तुळाबाहेरचा एखादा वाचक त्यांपैकी कशापर्यंत पोचतो काय, हे कोणी पाहत नाही.

दुसरा उपाय पोच पाहण्याचा. प्रोग्राममध्ये काही ठिकाणे 'मूळ' मानली जातात. म्हणजे या क्षणी जे काम चालू आहे त्याच्या थेट हाताशी असलेली ठिकाणे. तेथून निघायचे, धाग्याधाग्याने जायचे आणि जेथे जेथे पोचता येईल त्या प्रत्येक ऑब्जेक्टवर खूण करायची. ज्यांवर खूण झाली नाही ते काढून टाकायचे. येथे संख्येला महत्त्व नाही. मुळापासून एक धागा जरी असला तरी पुरे. आणि सहकारी मॅडमच्या उद्गाराचा अर्थ येथे उलगडतो : कलेक्टर 'हा ऑब्जेक्ट शेवटचा कधी वापरला गेला?' असे विचारीतच नाही. प्रोग्राम सुरू झाल्यापासून ज्याला एकदाही कोणी हात लावला नाही असा ऑब्जेक्टही, धागा शाबूत असेल तर, सुरक्षित राहतो. तो विचारतो एवढेच : कोणी त्याच्यापर्यंत पोचू शकेल का?

आमच्या समितीचा निकष वापराचा इतिहास पाहणारा होता. तो पोच पाहत नव्हता. या दोहोंतील अंतर लहान नाही. ज्या पुस्तकाचे कार्ड हरवले, जे संगणकीय तालिकेत भरायचे राहिले, जे कुलूपबंद कपाटात आहे आणि ज्याचे नाव वर्गात कोणी घेतले नाही, त्याची देवघेव होणार कशी? धागे आपणच तोडले आणि नंतर पुस्तक कोणी वाचत नाही म्हणून त्याला दोषी ठरवले. आणि आपल्या महाविद्यालयांतले मूळ कोणते, हे तर उघड आहे : अभ्यासक्रम. अभ्यासपत्रिका बदलली की एखाद्या कादंबरीसह तिच्यावरचे समीक्षाग्रंथ, त्यांत उल्लेखिलेले इतर ग्रंथ, अशी एक संपूर्ण शाखा एका शैक्षणिक वर्षात पोचेबाहेर जाते. विद्यापीठाने त्या पुस्तकांविरुद्ध काही म्हटलेले नसते. फक्त वरचा एक धागा काढलेला असतो. या अवस्थेत शिक्षक हे दुसरे मूळ होऊ शकतात. वर्गात अभ्यासक्रमाबाहेरचे एक नाव घेणे, हे त्या दृष्टीने पाहिले तर ग्रंथरक्षणाचे काम आहे.

कोणी म्हणेल, मग सर्वच ठेवायचे काय? नाही. प्रोग्रामिंगमध्येही अशी उदाहरणे असतात की धागा शाबूत आहे म्हणून ऑब्जेक्ट राहतात, वापर कधीच होणार नसतो, आणि साठत साठत एक दिवस मेमरी संपून प्रोग्राम कोसळतो. फळीची लांबी मोजकी असते आणि वाळवीला अभिरुची नसते. बहुतेक ऑब्जेक्ट जन्मानंतर अल्पावधीतच निरुपयोगी होतात, हेही तेथे अनुभवाने दिसले आहे. म्हणून अनेक कलेक्टर नव्या ऑब्जेक्टची तपासणी वारंवार करतात आणि अनेक तपासण्यांतून टिकलेल्या जुन्यांना क्वचितच हात लावतात. आपण नेमके उलट करतो. गेल्या मार्चमध्ये आलेली, कोणी न मागितलेली गाइडे सुरक्षित असतात, कारण ती 'नवी' आहेत. चाळीस वर्षे टिकलेला ग्रंथ यादीत जातो, कारण तो 'जुना' आहे.

मात्र या रूपकाला दोन ठिकाणी मर्यादा पडतात, आणि माझे मत त्या मर्यादांवरच उभे आहे.

पहिली मर्यादा अशी. प्रोग्राममध्ये पोचेबाहेर गेलेल्या ऑब्जेक्टपर्यंत जाण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, म्हणून तो काढल्याने कोणाचेच काही बिघडत नाही. ग्रंथालयाला दार असते. पावसामुळे एस.टी. चुकलेली मुलगी फळीवरून सहज बोट फिरवीत जाते आणि कोणत्याही तालिकेत नसलेले पुस्तक उचलते. तिने आणलेला हा धागा आधीच्या कोणत्याही मोजणीत नव्हता. म्हणून ग्रंथालयात 'पोचेबाहेर' हा निर्णय यंत्राइतक्या खात्रीने कधीच देता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. प्रोग्राममधला शेवटचा ऑब्जेक्ट नष्ट झाला तरी क्लास शिल्लक राहतो. हवा तेव्हा नवा ऑब्जेक्ट घडवता येतो. ग्रंथाचा साचा मात्र प्रतींखेरीज कोठेही नसतो. शेवटची प्रत गेली की ग्रंथच गेला. शेवटची प्रत ही प्रत राहिलेलीच नसते. ती स्वतःच साचा झालेली असते. मुद्रणपूर्व काळातील लोकांना हे नीट ठाऊक होते. आपल्याच जिल्ह्यातील जांब या गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला, तो उगाच नव्हे. आणि लीळाचरित्राची कथा तर आपण दरवर्षी शिकवतो. म्हाइंभटांची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी ती पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. प्रोग्रामिंगमध्ये दोन ऑब्जेक्ट 'समान' असणे आणि 'तेच' असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. साठवलेल्या माहितीतून पुन्हा घडवलेला ऑब्जेक्ट समान असू शकतो, तोच नसतो. लीळाचरित्रात तर समानताही पूर्ण साधली नाही, आणि त्याची साक्ष म्हणून आपल्याला पाठभेद मिळाले. तेथे निदान स्मरणाऱ्यांची एक पिढी होती. आमच्या यादीतील पुस्तके कोणाला मुखोद्गत असतील?

यावरून मला तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक : निर्लेखनाच्या यादीचा निकष देवघेवीची तारीख हा नसावा, प्रथम पुस्तक तालिकेत, उघड्या फळीवर, योग्य वर्गांकाखाली आणावे, किमान एक शैक्षणिक वर्ष तसे ठेवावे आणि नंतर निर्णय घ्यावा. दोन : ज्या विभागाच्या मागणीवरून पुस्तक आले त्याच विभागाने, पुस्तक हाती घेऊन, कारण लिहून सही करावी, घडवणाऱ्याने मोडण्याची जबाबदारी घ्यावी. तीन : पुस्तक काढण्यापूर्वी त्याची दुसरी प्रत विद्यापीठाच्या किंवा जवळच्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे काय, हे पाहावे. नसेल तर ते काढू नये, आणि काढलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, लेखक आणि प्रकाशनवर्षासह, कायम राहावी. हे शेवटचे काम 'सवड मिळेल तेव्हा' यावर सोडू नये. जावात ऑब्जेक्टला अंतापूर्वी शेवटचे काम करता यावे म्हणून 'फायनलाइज' नावाची सोय होती. पण ती कधी चालेल, चालेल की नाही, याची शाश्वती नव्हती. अखेर 2017 च्या जावा 9 मध्ये ती न वापरण्याचा सल्ला भाषेनेच दिला. निरवानिरव योगायोगावर ठेवता येत नाही, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवानंतर पटले.

या सूचनांना समितीत जो आक्षेप आला तो खोटा नव्हता. ग्रंथपालांकडे एकच मदतनीस आहे, मूल्यांकनाची तारीख जवळ येत आहे आणि चारेकशे पुस्तके एकेक करून तपासायला वेळ कोणाला आहे? माझे उत्तर इतकेच की ही पुस्तके विकत घेताना विभागांनी वेळ काढला होता. मराठी विभागाच्या वाट्याची एकशे तीस पुस्तके मी, माझे दोन सहकारी आणि एम. ए.चे विद्यार्थी मिळून तपासीत आहोत. आतापर्यंत साठ झाली. त्यांपैकी बावीस खरोखरच काढण्यासारखी निघाली. त्यांवर मी कारण लिहून सही केली. एकोणीस पुस्तकांची तालिकेत नोंदच नव्हती. एक लहानसा कवितासंग्रह असा निघाला की प्रकाशक म्हणून स्वतः कवीचेच नाव आहे, पत्ता परतूर तालुक्यातल्या एका खेड्याचा आहे आणि त्याची पाने अद्याप कापलेलीही नाहीत. त्याची दुसरी प्रत कोठे मिळते का, याचा शोध सुरू आहे. ज्यांच्या महाविद्यालयांत अशा याद्या झाल्या असतील त्यांनी तेथे कोणता निकष लावला ते अवश्य कळवावे. उरलेल्या सत्तर पुस्तकांवर मी अजून सही केलेली नाही.